नदी आटलीय, पाणी तापलंय: बास आणि पाइकच्या मागे जायचं का?

कृष्णाकाठचा | मंगळवार, रात्री ९:१०

मिनेसोटात मॉन्टिसेलोपासून कून रॅपिड्सच्या धरणापर्यंतचा मिसिसिपीचा पट्टा मी गेली अकरा वर्षं पायाखाली घातलाय. मिनियापोलिसच्या वरच्या अंगाला ती अजून मालवाहू बोटींची नदी झालेली नाही. दगडगोटे, खळाळ, मधेमधे लांबट डोह. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कऱ्हाडच्या वरची कोयना आठवली होती. स्मॉलमाउथ बास या माशासाठी हा पट्टा नावाजलेला आहे, आणि काठच्या गवताळ, संथ पाण्यात पाइक, म्हणजे लांबट, दातेरी शिकारी मासा असतो.

या आठवड्यात नदी फारच उतरलीय. मे महिन्यात ज्या खडकांवरून नाव सरळ जाते ते उघडे पडलेत, त्यांच्या अंगावर जुन्या पाण्याची पांढरी रेघ दिसते. नाव तळाला घासते म्हणून मी चालतच जातो. पाणी इतकं नितळ आहे की कमरेएवढ्या पाण्यातला गोटा न् गोटा मोजता येतो. असं मी २०२१ मध्ये पाहिलं होतं. त्या ऑगस्टमध्ये राज्याच्या वायव्य भागात दुष्काळाची सगळ्यात वरची पायरी, डी-४, लागली होती.

कमी पाण्यात बास कुठे सापडतो हे मला थोडंफार उमगलंय. सगळे म्हणतात डोहात जा. दुपारी डोहात मासे दिसतातही, पण ते तळाशी नुसते उभे असतात, तोंड उघडत नाहीत. खाणारा बास असतो डोहाच्या तोंडाशी, जिथे खळाळ संपून पाणी खोल व्हायला लागतं. तिथे पाणी फेसाळून प्राणवायू घेतं, आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातले नांगीवाले झिंगे) व बारके मासे वाहत येतात. वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासतं ती रेघ नीट बघा. त्या रेघेवर एखादा टोपलीएवढा दगड असेल तर त्याच्या मागे मासा असतोच असं धरून गळ टाकायचा.

प्रश्न पाइकचा आहे. परवा एका ओढ्याच्या मुखाशी पोचलो (ओढ्याचं नाव देत नाही, कारण पुढे कळेल). नदीचं पाणी २५ अंश, ओढ्याच्या मुखाशी १७. झऱ्याचं पाणी आहे ते. दोन खाटा मावतील एवढ्या जागेत सात पाइक उभे होते, सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे. सगळ्यात मोठा तीन फुटांच्या वरचा असावा.

२०२१ मध्ये मी त्याच जागी असाच एक धरला होता. पाच-सहा मिनिटं झुंजला, फोटो काढला, सोडला. गेला असं वाटलं. अर्ध्या तासाने खालच्या वळणावर तोच मासा पोट वर करून तरंगताना दिसला. शेपटीवर जखमेची खूण होती म्हणून ओळखला. तेव्हापासून मी पाणी २१ अंशांच्या वर गेलं की पाइकसाठी गळ टाकत नाही. परवाही नाही टाकला. पण घरी येऊन मन थाऱ्यावर नाही. हा माझा नियम बरोबर आहे का? तुम्ही काय करता?

रानवाट | मंगळवार, रात्री १०:३२

दादा, नियम बरोबर आहे. मी विस्कॉन्सिनच्या बाजूला, सेंट क्रॉई नदीवर असते.

बास आणि पाइक एकाच नदीत राहतात म्हणून लोक दोघांना एकाच मापाने मोजतात. स्मॉलमाउथ २५-२६ अंशांतही बऱ्यापैकी खातो. लार्जमाउथ, म्हणजे बासचीच दुसरी जात, त्याहून गरम पाण्यात तग धरतो. पाइक मुळात थंड पाण्याचा जीव, आणि तो जितका मोठा तितकं त्याला थंड पाणी जास्त लागतं. हात-दीड हाताची पिल्लं कोमट पाण्यात शेवाळात फिरतात, तीन फुटी मादी मात्र उन्हाळ्यात खाणं जवळजवळ सोडून गार जागा शोधत बसते. तलावात तिची आणखी कोंडी होते. वरचं पाणी गरम, तळाच्या गार पाण्यात प्राणवायू नाही. मधे एक पातळ थर उरतो, त्यात तिला दिवस काढायचे असतात.

हिशोब असा की १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसात. आणि पाणी तापतं तशी माशाच्या शरीराची प्राणवायूची भूक वाढत जाते. त्यात आपण त्याला पाच मिनिटं ओढाताण करायला लावतो.

ओढ्याच्या मुखाशी आलेले मासे तिथे चरायला आलेले नसतात. श्वास घ्यायला आलेले असतात.

नवागत_२२ | बुधवार, सकाळी ६:५५

नमस्कार. मी दोन महिन्यांपूर्वी नोकरीमुळे इलिनॉयमधून ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल) आलो. लहानपणी भोरला आजोबांबरोबर गळ टाकायचो, दोरी बोटाला गुंडाळून. रॉड-रील पहिल्यांदाच घेतलंय. पाणी कमी आहे की जास्त हे घरबसल्या कसं कळतं? आणि लायसन्स मुलीलाही काढावं लागेल का? ती ११ वर्षांची आहे.

कृष्णाकाठचा | बुधवार, दुपारी १२:२०

स्वागत! मुलीला नको, मिनेसोटात १६ वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही. तुम्हाला मात्र लागेल, ऑनलाइन पाच मिनिटांत निघतं.

पाण्यासाठी यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मोजणी केंद्रं नदीनदीवर आहेत. बहुतेक ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी नोंद होते आणि आलेख सगळ्यांना फुकट बघता येतो. दोन आकडे असतात. एक पातळी फुटांत, दुसरा प्रवाह घनफूट प्रति सेकंद. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, एवढं डोक्यात ठेवलं की आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. नुसता आजचा आकडा बघू नका. त्याच तारखेला इतक्या वर्षांत मधला आकडा काय असतो तेही आलेखावर दाखवलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा.

आणि एक थर्मामीटर घ्या. स्वयंपाकघरातला चालतो. दोरीला बांधून गुडघाभर पाण्यात, सावलीत, दोन मिनिटं. काठाच्या उथळ पाण्याचं मोजू नका, ते नेहमी जास्त दाखवतं.

शिकागोकर | बुधवार, सायंकाळी ५:४८

मला हे पूर्ण पटत नाही, स्पष्ट बोलतो. पाणी आटल्यावर मासे एका जागी येतात ही मासेमाराची संधी असते, जगभर. आपल्याकडेही मे महिन्यातच डोहात मासे धरतात, भर पावसात कोण धरतं? शिवाय असा कडक उन्हाळा आला की मासे तसेही मरतात. २०१२ च्या जुलैत आयोवात डे मॉइन नदीचं पाणी ३६ अंशांपर्यंत तापलं आणि शोव्हलनोज स्टर्जन जातीचे मासे हजारोंनी मेले. त्यांना कुणी गळ टाकला नव्हता.

दुसरं, मी मासा खातो. मला धरून सोडण्यात रस नाही. पाइक धरला, नियमात बसला, घरी नेला. यात वाईट काय?

रानवाट | बुधवार, रात्री ८:१५

खाण्यासाठी नेता हे उलट मला जास्त प्रामाणिक वाटतं. गरम पाण्यात धरून सोडलेला पाइक पाण्याखाली जाऊन मरतो, आणि आपण 'सोडला' म्हणून समाधानाने घरी येतो. त्यापेक्षा नियमात बसतात तेवढे ठेवावेत आणि रॉड गुंडाळावा. उन्हाळ्यात दिवसभर दहा धरून दहा सोडण्यापेक्षा दोन ठेवून थांबणारा माणूस नदीचं कमी नुकसान करतो.

पण कोणते ठेवायचे ते महत्त्वाचं. मिनेसोटाने २०१८ पासून पाइकसाठी राज्याचे तीन विभाग केलेत. उत्तर-मध्य विभागात बारके पाइक माजलेत, म्हणून तिथे दहा ठेवता येतात, पण २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो आणि २६ इंचांवरचे दोनच चालतात. दक्षिणेत उलट, २४ इंचांपेक्षा लहान ठेवायचाच नाही आणि मोजून दोन. ईशान्येत ३० ते ४० इंचांचे सोडायचे. यामागचा विचार सरळ आहे: मोठी मादी वाचली पाहिजे. तुमचं ठिकाण कोणत्या विभागात येतं ते आधी बघा, आणि त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक बघा, कारण एकेका नदीला-तलावाला वेगळा नियम असतो.

ओढ्याच्या मुखाशी गोळा होतात त्या नेमक्या मोठ्या माद्या.

शिकागोकर | बुधवार, रात्री ८:५०

हा मुद्दा मान्य. तीन फुटी मादी मीही ठेवत नाही, चवीलाही बारका मासाच बरा. पण काट्यांच्या भीतीने आपले लोक पाइक घेतच नाहीत याचं वाईट वाटतं. पाठीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारख्या काट्यांची रांग असते. पाठीवरची पट्टी आधी वेगळी काढायची, मग रांगेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवून बाजूच्या पट्ट्या, शेवटी शेपटीकडच्या दोन. एका माशाचे पाच तुकडे होतात, बिनकाट्याचे. पाला मासा (हिलसा) खाऊन वाढलेल्या माणसाला काट्यांचं काय सांगायचं! अंगावरचा चिकट बुळबुळीतपणा जायला मीठ चोळून धुवा. मग हळद, तिखट, आगळ लावून रव्यात तळा. मांस पांढरं, घट्ट, वास अजिबात नाही.

ऱ्हाइनतीर | गुरुवार, पहाटे ३:०५

मी कोलोनजवळ राहते. इथे पाइकला हेश्ट म्हणतात. तुमचा वाद वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे हा प्रश्न कायद्यानेच वेगळा करून टाकलाय.

जर्मनीत गळ टाकायला साधारणपणे परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, शरीररचना, मासा झटकन आणि वेदना न देता कसा मारायचा, सगळं. मी तीन महिने अभ्यास केला. प्राणिसंरक्षण कायदा सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ देत नाही, आणि अन्न हे ते कारण. म्हणून 'मजेसाठी धरीन आणि सोडून देईन' असं ठरवून नदीवर जाणं इथे गुन्ह्यात मोडू शकतं. मापापेक्षा लहान असलेला किंवा बंदीच्या काळातला मासा सोडावाच लागतो, ते वेगळं. थोडक्यात, गरम पाण्यात 'हळूच धरून सोडू' हा मधला रस्ता मला उपलब्धच नाही. खायचं असेल तर जायचं, नाहीतर घरी बसायचं.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काउब या नदीकाठच्या गावी ऱ्हाइनची पातळी २५ सेंटिमीटर नोंदली गेली. (ही नदीची खोली नव्हे. मोजपट्टीचा शून्य तळापेक्षा वर असतो, बोटींच्या वाटेत पाणी त्याहून जास्त होतं.) ऱ्हाइनमध्ये काठापासून आत दगडी बांध घातलेत, त्यांच्यामधलं संथ पाणी हे पाइकचं नेहमीचं घर. पाणी उतरलं तशी ती घरं एकामागून एक कोरडी पडली. बारके मासे डबक्यात अडकले, बगळ्यांची रांग लागली. पाइक बाहेर सरकून बांधांच्या टोकाशी, मुख्य धारेच्या कडेला येऊन उभे राहिले. आमच्यातले जुने मासेमार तिथे गेले नाहीत. कुणी पाटी लावली नव्हती.

कोकणकडा | गुरुवार, सकाळी ९:४०

शिकागोकर, मे महिन्यातल्या डोहाचा दाखला दिलात म्हणून महाडहून लिहितोय.

आमच्या तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात खडस, म्हणजे महसीर, हातभर लांबीचे, माणसाच्या पायाशी येतात. तिथे कुणी गळ टाकत नाही, देवीचे मासे आहेत. वैतरणेवर वाड्याजवळ तिलसेश्वराच्या देवळापाशीही असेच राखलेले मासे आहेत. मला याचा अर्थ असा लागतो की आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं, सह्याद्रीतल्या नद्या मे महिन्यात तुटतात, वाहत्या राहत नाहीत, नुसते डोह उरतात. त्या डोहात जे जगेल तेच जुलैत नदीभर पसरणार. पुढच्या वर्षीचं बियाणंच ते.

बाकीच्या डोहांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहतो. पूर्वी रामेठ्याची साल, गेळाची फळं कुटून टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. आता कीटकनाशक ओततात, नाहीतर जिलेटिनची कांडी. एका धमाक्यात अंगठ्याएवढ्या पिल्लांपासून सगळं संपतं. पाण्यात स्फोटकं आणि विष वापरायला १८९७ च्या कायद्यानेच बंदी आहे. गेल्या वर्षी आमच्या वाडीखालचा डोह असाच मारला. तक्रार दिली, पुढे काही झालं नाही. यंदा त्या डोहात मी एकही मळ्या मासा पाहिला नाही.

गळ आणि जिलेटिन एक नव्हे, हे मला कळतं. पण आटलेल्या पाण्यातला डोह ही संधी आहे असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

शिकागोकर | गुरुवार, सकाळी ११:१८

वाचलं. शब्द मागे घेतो.

पहाटपाखरू | गुरुवार, दुपारी १:३०

मिशिगनहून. चर्चा पाइकवर गेली, बासचं राहून गेलं. बास अजून धरता येतोय तर कसा, हे नवागतांसाठी लिहितो.

नितळ, कमी पाण्यात मासा तुम्हाला आधी बघतो. मासा धारेच्या विरुद्ध तोंड करून असतो, म्हणून खालून वर चालत जायचं, त्याच्या पाठीमागून. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गोटे पायाने खडखडवायचे नाहीत, तो आवाज पाण्यात लांबवर जातो. एका जागी पोचलात की दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे.

लाइन बारीक, सहा ते आठ पौंडांची ओढ सोसणारी, फ्लुओरोकार्बनची (पाण्यात कमी दिसणारा प्लॅस्टिकचा धागा). खोटं आमिष लहान, रंग मातकट: हिरवट-तपकिरी ट्यूब (पोकळ, मऊ रबरी आमिष) किंवा छोटं सॉफ्ट प्लॅस्टिक हलक्या जिगवर (वजन लावलेल्या गळावर). क्रेफिश हे स्मॉलमाउथचं मुख्य अन्न, तो तळाशी थांबत थांबत सरकतो, आमिषही तसंच सरकवा. झगझगीत, खुळखुळणारं काही नको, गढूळ पाण्यासाठी ठेवा ते. उजाडताना मात्र पाण्यावर तरंगणारं आमिष टाकाच. संथ पाण्यावर पडलं की वर्तुळं विरेपर्यंत हलवायचं नाही. मग एक हलका झटका. त्या वेळी जो घाव बसतो तो अंगावर काटा आणतो, पंधरा वर्षांनीही.

रानवाट | गुरुवार, दुपारी २:१२

पहाटेबद्दल एक पुस्ती. वाहत्या नदीत पहाट उत्तम. शेवाळ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या उथळ तलावात मात्र पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर वनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. तिथे पाणी गार लागलं तरी मासा थकलेला असतो. मी अशा तलावात ऑगस्टमध्ये जातच नाही.

आणि चालताना पायाखाली बघा. सेंट क्रॉईच्या तळाशी गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या जाती आहेत, त्यांतल्या हिगिन्स आय आणि विंग्ड मेपललीफ या दोन देशभरात धोक्यात म्हणून संरक्षित आहेत. पाणी उतरलं की शिंपले उघडे पडतात. वाळूत हळूहळू सरकत पाण्याच्या दिशेने गेल्याच्या रेघा दिसतात. खिशात घालू नका, पायाने दाबू नका.

नवागत_२२ | गुरुवार, रात्री ९:०२

सगळं वहीत उतरवलं. चुकून पाइक लागलाच तर? बाससाठी टाकला आणि पाइकने गिळला, असं होतं ना?

कृष्णाकाठचा | गुरुवार, रात्री १०:२५

होतं, नेहमी होतं. त्यासाठी तयारीने जा.

लांब टोकाची पक्कड हवीच, पाइकच्या जबड्यात बोटं घालायची नसतात. गळाच्या उलट्या काट्या घरीच चिमटून सपाट करा, सोडवणं एका हिसक्याचं काम होतं. जाळं रबराचं, दोऱ्याच्या जाळ्यात अंगावरचा चिकट थर निघून जातो. पाइक लागलाय असं कळलं की त्याला खेळवत बसू नका, जोर लावून लवकर आणा. लाइन तुटली तर गळ त्याच्या तोंडात राहतो, म्हणून जिथे पाइक हमखास आहे तिथे बारीक लाइन घेऊन जायचंच नाही. त्याच्यासाठी गेलात तर तारेचा लीडर, म्हणजे गळ आणि लाइनमधला तारेचा तुकडा, लावा.

जाळ्यात आला की पाण्यातच ठेवा. गळ पाण्यातच काढा. फोटो नको. अगदी उचलावाच लागला तर स्वतःचा श्वास रोखा, तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही हवाय. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून धरणारे लोक अजून दिसतात, तसं कधी करू नका. मग धारेकडे तोंड करून पोटाखाली हात देऊन धरा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढलं की कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. स्वतःहून शेपटी मारून गेला पाहिजे. तोवर उभं राहायचं, किती का वेळ लागेना.

आणखी एक. पाणी उतरलेलं असताना नदीचे फोटो काढून ठेवा. कुठे खडक, कुठे खड्डा, कुठे बुडालेलं झाड, सगळं उघडं असतं. मी २०२१ मध्ये चार दिवस नुसता कॅमेरा घेऊन चाललो. पुढच्या दोन वर्षांत पाणी चढल्यावर जे बास मिळाले, ते त्या फोटोंवरून मिळाले.

पाइकचा विचार करताना वसंतही लक्षात ठेवा. बर्फ वितळल्या वितळल्या तो काठाच्या बुडालेल्या गवतात अंडी घालतो. ज्या वर्षी तेव्हा पाणी चढत नाही, ते गवत कोरडंच राहतं आणि त्या वर्षीची पिल्लं कमी होतात. ती उणीव दोन-चार वर्षांनी कळते. म्हणून आज त्या ओढ्यापाशी उभ्या असलेल्या सात जणी मला जास्त मोलाच्या वाटतात.

नवागत_२२ | रविवार, सकाळी ११:४०

काल पहाटे साडेपाचला लेकीला घेऊन गेलो. थर्मामीटर तिच्याकडे होता. २३ अंश. डोहाच्या तोंडाशी, दगडामागे, तिसऱ्या वेळी ट्यूब टाकली तेव्हा ओढ लागली. चौदा इंचांचा स्मॉलमाउथ. दोनदा पाण्याबाहेर उडाला. पाण्यातच सोडवला, लेकीने पोटाखाली हात धरला, गेला. ती घरी येईपर्यंत तळहात बघत होती. आजोबा असते तर त्यांना फोन केला असता.

कृष्णाकाठचा | रविवार, रात्री ८:०५

वा! लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

नदीच्या वरच्या अंगाला, ब्रेनर्डकडे, शुक्रवारी रात्री पाऊस झालाय. वरच्या केंद्राचा आलेख आज दुपारपासून चढायला लागलाय, इथे पोचायला एक-दोन दिवस लागतील. रात्रीही गार पडायला लागल्यात. आज संध्याकाळी नदी २२.५ होती, ओढ्याचं मुख १७ च. मासे पाचच दिसले. दोन नदीत परतले असावेत.

उद्या कामावर जाताना परत मोजतो.